रानभगताची गादी

"थांब," मास्तर म्हणाले की आम्ही तिघं हातातले फासे खाली ठेवायचो. पुढचा अर्धा तास गेला, हे ठरलेलं असायचं. गुहेच्या तोंडाशी राक्षस उभा असायचा, हेतलचा योद्धा तलवार उपसून धावत सुटलेला असायचा, पंकजचा चोर राक्षसाच्या पाठीमागे दबा धरून बसलेला असायचा आणि मी इतके दिवस जपून ठेवलेला विजेचा मंत्र टाकायला खुर्चीतून अर्धी उठलेली असायची. नेमकं त्याच वेळी मास्तरांना आठवायचं की जुन्या पुस्तकात गुहेत टाकलेली वीज भिंतीवर आपटून परत यायची, आणि नव्या पुस्तकात ती येत नाही.

"मग आता ती परत येते की नाही येत?" मी विचारायचे.

"तेच तर बघायचंय," असं म्हणून ते दोन्ही पुस्तकं उघडायचे. राक्षस उभाच. योद्ध्याचा एक पाय हवेत. वहिनींनी आणलेला चहा गार.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती चार-पाच माणसं बसतात. प्रत्येकाने मनाने एक माणूस रचलेला असतो. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण गोष्ट सांगतो, जंगल उभं करतो, राक्षस आणतो; बाकीचे आपापला माणूस आता काय करतो ते बोलून सांगतात. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. आणि या सगळ्याला नियम असतात, विटेएवढ्या जाड पुस्तकात छापलेले. काही वर्षं गेली की कंपनी त्याच खेळाचं नवं पुस्तक काढते, अर्धे नियम बदलते, आणि जगभरातले खेळणारे एकमेकांशी भांडायला लागतात. आमच्याकडे जगाची गरज नव्हती. मास्तर एकटे पुरेसे होते.

ते पांडेसऱ्याच्या एका मिलच्या डिझाइन रूममध्ये माझे वरिष्ठ होते. मी नंदुरबारहून साड्यांच्या डिझाइनचं काम करायला सुरतेत आले तेव्हा माझी खुर्ची त्यांच्या शेजारी लागली, हे माझं नशीब. साडीवरची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येत राहते, त्याला आम्ही रिपीट म्हणतो. एका तुकड्याची कड पुढच्या तुकड्याच्या कडेला अशी लागली पाहिजे की सांधा दिसू नये. मास्तर कड लागेपर्यंत डिझाइन खाली सोडत नसत. खाली छपाई खोळंबलेली, शेठ फोनवर ओरडतायत, आणि हे पडद्याला नाक लावून एका पानाचा देठ किंचित डावीकडे सरकवतायत.

"मास्तर, बाईच्या निऱ्यांत जाणार आहे तो सांधा. कोणाला दिसणार?"

"मला दिसतोय ना."

एकदा डबा खाताना त्यांनी अचानक विचारलं, "तुला खोटं बोलता येतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू म्हातारी आहेस, जंगलात राहतेस, लांडग्यांशी बोलतेस, हे तासभर न हसता बोलता येईल?"

मी विचार न करता हो म्हणाले. त्या एका 'हो'पायी माझे पुढचे सगळे रविवार गेले.

बमरोलीत त्यांचं घर होतं. खालच्या मजल्यावर भाडेकरूची एम्ब्रॉयडरीची मशीनं, वर हे दोघं नवरा-बायको. रविवारी दुपारी मशीनं बंद असत, म्हणून खेळ रविवारी. फासे वहिनींच्या मसाल्याच्या डब्यात. गोल स्टीलचा डबा, आत सात वाट्या, प्रत्येक वाटीत वेगळ्या घडणीचे फासे. वहिनींनी त्या डब्यासाठी पुष्कळ भांडून पाहिलं आणि शेवटी हळद-तिखट प्लास्टिकच्या बरण्यांत भरलं. टेबलावर एक ओला नॅपकिन असे. फरसाणाचे हात पुसल्याशिवाय फाशाला हात लावायचा नाही. पंकजने एकदा वरून तेल ओतलेला सुरती लोचो खाऊन तसाच फासा उचलला, तर मास्तरांनी तो डाव रद्द केला. पंकजला त्या फाशावर वीस पडले होते. वीस हा सगळ्यात मोठा आकडा.

"तेलामुळे घसरला फासा," मास्तर म्हणाले.

"सर, तेलाने वीस पडतात होय? मग मी रोज अंघोळच तेलाने करतो!"

पंकज रेल्वेत होता, सिग्नलच्या कामावर. त्याचे आजोबा मिलच्या कामासाठी अकोल्याकडून आलेले, तेव्हापासून कुटुंब बमरोलीतच. हेतल एका शाळेत गणित शिकवायची, घरची पक्की सुरती. मराठी आमच्यातच शिकली, आणि चिडली की गुजरातीत जायची. आमच्या टेबलावर ती बहुतेक वेळ गुजरातीतच असायची.

वहिनी खेळत नसत. दारात उभ्या राहून बघत आणि अहिराणीत शेरा मारत. "हाऊ माणूस सुधराव नही," हा त्यांचा ठरलेला शेरा. मास्तर पुस्तकातून डोकं वर न काढता मान हलवत, जणू कुणी हवामान सांगितलं.

मास्तरांनी जुन्या पुस्तकातला एक-एक शब्द स्वतः मराठीत आणला होता. खेळातल्या माणसाचा जो वर्ग असतो, योद्धा, मांत्रिक वगैरे, त्याला सुरुवातीला त्यांनी शब्द योजला होता 'जात'. पहिल्याच रविवारी त्यांनी पंकजला विचारलं, "तुझी जात कोणती ठेवायची?" पंकजने पेन खाली ठेवलं. आवाज न चढवता म्हणाला, "सर, इथे तरी नको."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा कानापर्यंत लाल झाले. दुसऱ्या रविवारी सगळ्या कागदांवर 'जात' खोडून 'पेशा' लिहिलेलं होतं. माझ्या आठवणीत वाद न घालता त्यांनी बदललेला हा एकच शब्द.

बाकी सगळ्यावर वाद. नव्या पुस्तकात चोराला चोर म्हणत नाहीत, जरा बऱ्या घरातलं नाव देतात. मास्तरांना ते पटत नसे. "कुलूप तोडतो, खिसा कापतो, त्याला काय म्हणायचं? समाजसेवक?" जुन्या पुस्तकात चोराला भिंत चढायची असली तर शेकड्यात हिशेब असायचा, नव्यात साधा वीसचा फासा टाकायचा आणि मिळवणी करायची. मास्तरांनी दोन्ही एकत्र केलं. त्यामुळे पंकजला एक भिंत चढायला तीन फासे टाकावे लागायचे, आणि तोपर्यंत भिंतीवरचा पहारेकरी खाली येऊन विचारून गेलेला असायचा. हेतलने एकदा त्यांचा हिशेब वहीत मांडून दाखवला की इतक्या कटकटीनंतर उत्तर नव्या पुस्तकाएवढंच येतं.

"उत्तर तेच येतं," मास्तर खुशीत म्हणाले. "म्हणजे कड बरोबर लागली."

"तो पछी आ बधुं शा माटे?" हेतल किंचाळली.

मग हे सगळं कशासाठी, हा प्रश्नच मास्तरांना कळला नाही. जुना चोर नव्या नियमात आला पाहिजे आणि तो तोच चोर राहिला पाहिजे, एवढंच त्यांना कळत होतं.

मग कंपनीने आणखी एक नवं पुस्तक काढलं. हेतलचा मामेभाऊ परदेशातून घेऊन आला. गुळगुळीत पानं, रंगीत चित्रं, सगळं सोपं. आम्ही तिघांनी आधीच ठरवलं होतं, आता हेच पुस्तक, बाकी काही नाही, आणि भांडणाची तयारी करून गेलो. मास्तरांनी पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, चाळलं आणि म्हणाले, "चालेल."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"फक्त तुमचे पेशे जुनेच राहतील," ते म्हणाले. "मी बसवून देतो यात."

तिथून पुढे जे सुरू झालं त्याला मी काय म्हणू? माझी म्हातारी रानभगत होती. रानभगत म्हणजे जंगलाचा पुजारी. झाडापाण्याशी बोलतो, जनावराचं रूप घेतो, आग-वीज आवरतो. हे नावही मास्तरांचंच. नव्या पुस्तकातही असा पेशा आहे, छान आहे, मला तो आवडला होता. मास्तरांना तो आवडला नाही. दर रविवारी माझ्या हातात नवा कागद. या आठवड्यात मला अस्वल होता येतं, पुढच्या आठवड्यात येत नाही. या आठवड्यात लोखंडी चिलखत चालतं, पुढच्या आठवड्यात लोखंडाला हात लावला की मंत्र विसरायचे. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाऊन यायचे तेवढ्यात माझी दोन जनावरं कमी झालेली असायची.

"मास्तर, मी खेळू कशी? मी कोण आहे हेच मला कळत नाही."

"कळेल. अजून कड लागायची आहे."

गोष्ट मात्र ते फार चांगली सांगत. हे कबूल करायला मला जड जातं, पण तेच खरं आहे. नाहीतर आम्ही कशाला गेलो असतो? आमच्या गोष्टीत एका मोठ्या जंगलाला वणवा लागला होता आणि तो गावांच्या दिशेने सरकत होता. ते आवाज न वाढवता सांगायचे, धूर आधी पाखरांना कसा कळतो, मग कुत्र्यांना, मग माणसांना, आणि आम्ही फरसाण चघळायचं विसरायचो. तो वणवा फक्त सगळ्यात वरच्या पायरीचा रानभगत विझवू शकत होता. मी त्या पायरीपासून एका हाताच्या अंतरावर पोचले होते. आणि घाई होती, कारण पंकजची भुसावळला बदली झाली होती. महिनाअखेरीला तो जाणार, म्हणून त्याच्या आधी वणवा विझवायचा, त्याला नीट निरोप द्यायचा, असं आम्ही ठरवलं.

तेव्हा मास्तरांनी तो नियम काढला.

"जुन्या पुस्तकाप्रमाणे," ते म्हणाले, "वरच्या पायरीवर एका वेळी जगात एकच रानभगत असतो. त्याची गादी असते. गादीवरच्याला आव्हान द्यायचं, हरवायचं, मगच वर जायचं."

"नव्या पुस्तकात असं काही नाही," मी म्हणाले.

"म्हणून तर बसवलं."

"ठीक आहे. आणा तो गादीवाला. लढते मी."

"मी कसा आणू? तो माझा नाही. तो दुसऱ्या खेळणाऱ्याचा माणूस आहे."

"कोणाच्या?"

मास्तर नॅपकिनाची घडी घालत म्हणाले, "आहे एक. कामरेजला असतो."

आम्ही हसलो. आम्हाला वाटलं ते गंमत करतायत. त्यांनी घडी घातली, उलगडली, परत घातली.

स्वयंपाकघरात वहिनींनी मला सगळं सांगितलं. कामरेजचे ते गृहस्थ आणि मास्तर डिप्लोमाला एकत्र होते. एका वसतिगृहातल्या मुलाकडून दोघांनी तो खेळ उचलला, एका पुस्तकाची झेरॉक्स दोघांत. यांचं लग्न झालं तेव्हाही दर रविवारी मित्र घरी हजर. मित्राचा रानभगत खेळता खेळता गादीपर्यंत चढला होता. मग केव्हातरी तेव्हाचं नवं पुस्तक आलं. मित्राला आपला रानभगत नव्यात न्यायचा होता. मास्तर म्हणाले बसत नाही. वाद वाढला, आणि पुढच्या रविवारी मास्तरांनी गोष्ट सांगता सांगता सांगून टाकलं की तो रानभगत जंगलात निघून गेला, परत येणार नाही. न विचारता. इतक्या वर्षांचा माणूस एका वाक्यात घालवला. मित्र उठला, चपला घातल्या आणि गेला.

"त्यावरून बोलणं बंद?" मी विचारलं. "खेळावरून?"

"त्याचे वडील वारले तेव्हा गेले होते हे," वहिनी पोळी उलटत म्हणाल्या. "लांबून बघितलं नि परत आले. म्हणे गर्दी होती."

मी बाहेर येऊन मास्तरांसमोर उभी राहिले. "तुम्हाला त्यांच्याशी बोलायचं असेल तर सरळ फोन करा. माझ्या म्हातारीला मध्ये कशाला घालताय?"

"मला काही बोलायचं नाही," मास्तर म्हणाले. "नियम आहे."

त्या दिवशी मी इतकी चिडले की चहा न पिता निघाले. जिन्यात पंकज म्हणाला, "ताई, मला भुसावळला जायचंय. वणवा असाच सोडून जाऊ?" म्हणून मी गेले कामरेजला. मास्तरांसाठी नव्हे, हे मी त्यांना नंतर पुष्कळदा ऐकवलं.

हेतलच्या स्कूटीवर गेलो. हायवेपासून जरा आत, सिमेंटच्या कुंड्या आणि जाळ्या करण्याचं आवार होतं. ओल्या जाळ्या उन्हात ओळीने मांडलेल्या. एक उंच, वाळका माणूस पाइपने त्यांच्यावर पाणी मारत होता.

"आवो, बेसो बेन. कूंडां जोईए छे?"

मी त्यांना सांगितलं कोणी पाठवलंय. त्यांनी पाइप खाली ठेवला, पाणी तसंच वाहू दिलं. मग मराठीत, मास्तरांच्याच खानदेशी हेलाच्या मराठीत म्हणाले, "जिवंत आहे का तो?"

"आहेत. रोज आम्हाला मारतात."

मी सगळं सांगितलं. वणवा, गादी, पंकजची बदली. ते ऐकत होते, पण त्यांची नजर माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या कागदावर होती. "त्याने रानभगत नव्यात बसवला?" ते म्हणाले. "बसत नाही म्हणत होता ना? दाखव."

कागद घेतला, चष्मा लावला, आणि मला वाटलं आता डोळे भरून येतील बिचाऱ्याचे. डोळे कसले भरतायत!

"चूक आहे हे," ते म्हणाले. "जनावराचं रूप इतक्या खालच्या पायरीला? आणि हा वेलींचा मंत्र असा नसतो. अल्या, शुं कर्युं छे आणे!"

हेतलने माझ्याकडे बघितलं. असे दोन आहेत.

"मी येणार नाही," ते शेवटी म्हणाले. "त्याला सांग, माझा माणूस जंगलात घालवलास ना? मग जंगलात येऊन शोध. आणि वेलींचं दुरुस्त कर."

मी येऊन सांगितलं. मास्तरांनी पहिला अर्धा भाग ऐकल्यासारखं दाखवलं नाही. "वेलींचं काय म्हणाला तो?" म्हणून वही ओढली. त्यानंतरचे दिवस आठवले की अजून माझं डोकं ठणकतं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते आणि माझ्याशी बोलायचं थांबत नव्हते. सकाळी कामरेजचा फोन, "त्याला विचार, गारपिटीच्या मंत्राचं काय केलंय." डिझाइन रूममध्ये मास्तर खुर्ची सरकवून, "त्याला सांग, गारपीट आहे तशीच आहे, पान उलटून बघ." दुपारी परत कामरेज, "बघितलं. तरी चूक आहे." मी साडीच्या पदरावर मोर चढवतेय आणि कानात गारपीट. शेवटी एक दिवस मी दोघांना एकमेकांचे नंबर पाठवले आणि लिहिलं, यापुढे मला विचारायचं नाही.

दोघांनीही फोन केला नाही. दोन्हीकडे एकदम शांतता. आणि महिनाअखेर जवळ आली.

शुक्रवारी मी मास्तरांच्या टेबलावर हात आपटून सांगितलं, "रविवारी पंकजचा शेवटचा खेळ आहे आणि तो कामरेजला आहे. पंकजने गाडी ठरवली आहे. यायचं तर या, नाहीतर आम्ही तिघं कुंड्या घेऊन परत येऊ."

पडद्यावरचं पान सरकवत ते म्हणाले, "दोन्ही पुस्तकं न्यावी लागतील."

गाडीत ते खिडकीशी बसले, मांडीवर मसाल्याचा डबा. वहिनी मागे बसल्या होत्या, भरताच्या पातेल्यावर हात ठेवून. आवारात शिरलो तेव्हा कामरेजवाले शेडखाली टेबल पुसत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वय झालंय हे दोघांनाही एकदमच दिसलं असावं. नमस्कार नाही, विचारपूस नाही. मास्तरांनी डबा ठेवला, ओला नॅपकिन मागितला, तो त्यांनी आधीच आणून ठेवला होता.

ठरलं असं की त्यांचा रानभगत जुन्या पुस्तकाप्रमाणे लढणार आणि माझी म्हातारी मास्तरांनी नव्यात बसवलेल्या पेशाप्रमाणे. एकाच टेबलावर दोन पुस्तकं. कुणीही शहाणा माणूस असं करणार नाही. मास्तरांनी गोष्ट सुरू केली. धूर, पळणारी हरणं, तापलेली माती. मग जंगलाच्या मध्यावर एका वडाखाली बसलेला एक रानभगत.

"तो इथे स्वतःहून आला नव्हता," मास्तर म्हणाले. आवाज गोष्टीचाच होता, पण नजर टेबलावर. "त्याला इथे धाडला होता. ज्याने धाडला त्याने त्याला विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं."

कामरेजवाल्यांच्या हातात फासा होता. तो त्यांनी खाली ठेवला. वहिनी ताटं मांडणं थांबवून उभ्या राहिल्या.

"मग?" ते म्हणाले. "पुढे सांग."

लढाई सुरू झाली. मी इतकी जीव तोडून कधीच खेळले नव्हते. त्यांनी वेली सोडल्या, मी अस्वल होऊन तोडल्या. त्यांनी वीज पाडली, मी कशीबशी वाचले. पंकज खुर्चीवर उभा राहिला होता, हेतल माझा खांदा दाबत होती. दोघांचाही जीव अगदी थोडा उरला तेव्हा मी शेवटचा घाव घातला आणि फासा टाकला. अठरा! लागला! पंकजने आरोळी ठोकली. गादी माझी, वणवा विझला, निरोप साजरा.

"थांब," मास्तर म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. "मास्तर, आज नको."

"अस्वलाच्या रूपात असताना हा घाव घालता येत नाही. जुन्यात नव्हता. बसवताना माझ्याकडून राहिलं." त्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं. "माझी चूक आहे. घाव धरता येणार नाही."

"माझ्या बाजूने चूक आहे तर राहू दे ना! इतके महिने राहिलीच ना!"

"चूक आहे तर कशी राहू दे?"

हेतल गुजरातीत जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. पंकज खुर्चीवरून खाली उतरला. कामरेजवाल्यांनी फासा टाकला आणि माझी म्हातारी पडली. गादी होती त्यांचीच राहिली. पुस्तकाप्रमाणे मी एक पायरी खाली. मी कागद चुरगाळला. "झालं? जळू दे आता तुमचं जंगल."

"जळेल कसं?" मास्तर म्हणाले. "गादीवर रानभगत आहे की. वणवा विझवणं त्याचं काम."

कामरेजवाले हसले. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला येईपर्यंत हसले. "म्हणजे मला बसावं लागणार," ते म्हणाले.

"नियम आहे," मास्तर म्हणाले.

आता मी इचलकरंजीत काम करते, आणि मास्तरांची आठवण आली की पहिल्यांदा राग येतो. त्यांना ती चूक आधीपासून दिसत होती का, हे मी कितीदा तरी मनात उलटंपालटं करून पाहिलं आहे. दर रविवारी माझा कागद खोडणाऱ्या माणसाच्या नजरेतून नेमकं तेवढंच कसं सुटलं? एकदा मी विचारलंही. ते दुखावले. "मी नियमाशी खेळत नाही," म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी दोन्ही पुस्तकं काढून तपासलं. चूक खरीच होती.

त्या दुपारी शेडखाली वणवा विझवायला सुरुवात झाली. कामरेजवाल्यांनी पाऊस बोलावला. मास्तर म्हणाले, इतका पाऊस एका मंत्रात येत नाही. ते म्हणाले येतो, पान काढ. पान काढलं. पानावरून दुसरं पान निघालं. जुन्या पुस्तकाची ती झेरॉक्स आतल्या खोलीतून आली, दोघांच्या डिप्लोमाच्या वेळच्या अक्षरात समासात काहीतरी खरडलेली, आणि ते कोणाचं अक्षर यावरून नवा वाद. आम्ही भरीत-भाकरी खाल्ली. भांडी विसळली. ओल्या जाळ्यांवर पाणी मारायचं राहिलं होतं, ते हेतलने मारलं. दोघांची जेवणं झाकून ठेवली होती.

उन्हं उतरायला लागली तेव्हा पंकजने बॅग खांद्याला लावली आणि टेबलापाशी जाऊन उभा राहिला. "येतो सर," तो म्हणाला.

मास्तरांनी एक बोट वर केलं, थांब. दुसरं बोट पुस्तकातल्या ओळीवर होतं. समोरून कामरेजवाले म्हणाले, "खालची ओळ वाच, खालची." दोघं त्या ओळीवर वाकले.

पंकजने खांद्यावरचा पट्टा सारखा केला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "ताई, हा माझा निरोपसमारंभ होता ना?"